ठपका उन्हावर, दोष धुराचा

जळगावजवळच्या कुसुंबा येथील विमानतळावरून किंवा धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवरून सकाळच्या प्रहरी उडणारी लहान विमाने आता खानदेशच्या माणसाला नवलाची राहिलेली नाहीत. शेतात दारे धरणारा शेतकरी क्षणभर मान वर करून पाहतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. जळगावच्या नूतन विमानतळाचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती आणि याच जिल्ह्याच्या कन्या श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. पुढे २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लिलाबारी यांच्या पंक्तीला जळगावही होते. गोंदूरला बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमाने शिकाऊ वैमानिकांना घेऊन उडू लागली. १९२८ साली स्थापन झालेला हा तोच क्लब, जेथे जे. आर. डी. टाटा विमान चालवावयास शिकले आणि १९२९ च्या फेब्रुवारीत या देशात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हाती पडला. शिरपूरजवळही स्वतंत्र धावपट्टीवर प्रशिक्षण संस्था उभी राहिली. कापूस आणि केळी यांसाठी ओळखला जाणारा हा प्रदेश अशा रीतीने वैमानिक घडविणारा प्रदेश होऊ पाहत आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय.

परंतु ज्या प्रदेशाने एखादी विद्या आपल्या अंगणात बोलावली, त्या प्रदेशाने तिच्याबरोबर येणाऱ्या धोक्यांचीही माहिती करून घ्यावयास हवी. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी गावानजीक, सातपुड्याच्या पायथ्याशी, एक प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक जागीच ठार झाला आणि शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. तिला रस्त्यापर्यंत वाहून नेण्यासाठी तेथील एका आदिवासी स्त्रीने आपले लुगडे सोडून दिले आणि त्याची झोळी करण्यात आली, ही हकीकत तेव्हा सर्वत्र वाचली गेली. प्रस्तुत लेखाच्या विषयाशी त्या अपघाताचा संबंध होता, असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. सांगावयाचे ते इतकेच की, लहान विमान पडले म्हणजे आपण हवामानाबद्दल विचारतो, इंजिनाबद्दल विचारतो, वैमानिकाच्या चुकीबद्दल तर हमखास विचारतो. त्या वैमानिकाने शेवटच्या अर्ध्या तासात कोणती हवा आपल्या छातीत घेतली होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारला जावा, यासाठी हा प्रपंच.

शेगडीतील जुना शत्रू

कार्बन मोनॉक्साइड हे नाव अनेकांना परके वाटेल. परंतु हा वायू आपल्या परिचयाचा आहे. थंडीच्या रात्री दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी ठेवणारी माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. अलीकडे शेगडीची जागा न्हाणीघरातील गॅस गीझरने घेतली आणि मुंबई, पुणे, नाशिक येथून त्याच जातीच्या बातम्या येऊ लागल्या. जळणाला पुरेशी हवा मिळाली नाही म्हणजे हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, गंध नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा याचे आकर्षण दोनशेपटींहून अधिक. एकदा तो रक्तात शिरला की प्राणवायूची जागा अडवून बसतो आणि माणूस भर हवेत गुदमरतो. गुदमरण्याची जाणीव मात्र त्याला होत नाही, कारण छाती नेहमीसारखीच वर-खाली होत असते.

लहान विमानात हा वायू शिरतो कसा, हे समजून घेणे कठीण नाही. प्रशिक्षणाची बहुतेक विमाने एका पिस्टन इंजिनाची असतात आणि ते इंजिन वैमानिकाच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर असते. मोटारगाडीप्रमाणेच पेट्रोल जाळणाऱ्या या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण शेकड्यात काही भाग इतके असू शकते. वर चढताना इंजिनाला पेट्रोल अधिक आणि हवा त्या मानाने कमी दिली जाते. तेव्हा ते आणखी वाढते. वैमानिकाच्या बैठकीत ऊब आणण्याची व्यवस्थाही साधीच असते. धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळकांड्याभोवती पत्र्याचे एक वेष्टण असते. बाहेरची हवा त्या वेष्टणातून खेळवून गरम करावयाची आणि आत सोडावयाची, एवढेच. नळकांडे शाबूत आहे तोवर ठीक. ते सतत तापते, निवते, हादरते. त्याला कालांतराने बारीक चीर पडते आणि मग उबेबरोबर धूरही आत येतो. दुसरी वाट इंजिन आणि बैठक यांमधील आगरोधक पत्र्याची. त्याला वायरी आणि तारा जाण्यासाठी भोके असतात. ती नीट बुजविलेली नसली, एखादा बोल्ट राहून गेला, दाराचे रबर फाटले, तर विमानाभोवतीच्या हवेच्या दाबानेच धूर आत ओढला जातो.

जमिनीवर जे प्रमाण डोकेदुखीवर निभावेल, ते आकाशात निभावेलच असे नाही. उंचीवर हवा विरळ, म्हणजे प्राणवायू आधीच कमी. त्यात हा वाटेकरी. शिवाय एकदा रक्तात शिरलेला वायू लवकर निघत नाही. स्वच्छ हवेत श्वास घेतला तरी त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यावयास चार ते पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिला, तर हे काम सुमारे दीड तासात होते. या हिशेबाचा अर्थ प्रशिक्षण संस्थेच्या दिनक्रमात फार गंभीर आहे. शिकाऊ वैमानिक तासाभराने उतरतो, प्रशिक्षक मात्र दुसऱ्या विद्यार्थ्याला घेऊन पुन्हा त्याच विमानात बसतो, आणि दुपारपर्यंत हा क्रम चालतो. सकाळच्या पहिल्या फेरीत साठलेले विष उतरण्यापूर्वीच तिसऱ्या फेरीची भर त्यावर पडते. ज्याच्या सावधपणावर विद्यार्थ्याचे प्राण अवलंबून, त्याच्याच सावधपणाला ओहोटी लागलेली असते.

तीन साक्षी

हे सारे पुस्तकी भय आहे, असे कोणास वाटत असेल तर जगातील तीन घटना पाहाव्यात. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फ्रान्समधील नान्त येथून वेल्समधील कार्डिफकडे निघालेले एका इंजिनाचे पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळले. त्यात एमिलियानो साला हा अर्जेंटिनाचा नामांकित फुटबॉलपटू होता. त्याच्या रक्तातील ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापल्याचे तपासात दिसून आले. वैमानिकाचा देह सापडलाच नाही. परंतु त्यालाही विषबाधा झाली असावी, असा निष्कर्ष ब्रिटनच्या अन्वेषण विभागाने मार्च २०२० च्या अहवालात काढला. ते उड्डाण अन्य कारणांनीही सदोष होते, हे त्याच अहवालात नमूद आहे. तथापि खराब हवेत, अंधारात विमान सावरण्याची वेळ आली तेव्हा चालविणाऱ्याचा मेंदूच त्याच्या स्वाधीन राहिला नसेल, तर दोष कोणत्या कौशल्याला द्यावयाचा?

दुसरी घटना आपणास अधिक जवळची आहे, म्हणून ती नीट पाहिली पाहिजे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेस एक बीव्हर जातीचे सागरी विमान खाडीच्या पाण्यात कोसळले आणि वैमानिकासह सहाही जण मृत्यू पावले. दोन वर्षे तपास चालला. अनुभवी वैमानिकाने अरुंद खाडीत विमान का वळविले, हे कोडे सुटेना. अखेर एका वैद्यकीय तज्ज्ञाच्या सूचनेवरून जपून ठेवलेल्या रक्ताची या वायूसाठी तपासणी झाली, आणि वैमानिक व दोन प्रवासी यांच्या रक्तात तो आढळला. धूर वाहून नेणाऱ्या भागास चिरा पडलेल्या होत्या आणि आगरोधक पत्र्यावरील झाकणांचे काही बोल्ट जागेवर नव्हते. प्रवासी चढण्यापूर्वी जवळजवळ अर्धा तास विमान पाण्यावरच चालवावे लागले होते, त्यानेही भर पडली. ध्यानात घेण्याजोगी बाब ही की, डिसेंबर हा ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळा. तेथे उबेचा काही प्रश्नच नव्हता.

तिसरी घटना २०१७ च्या फेब्रुवारीतील, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील. एक वैमानिक एकटाच विमान घेऊन निघाला आणि वाटेत बेशुद्ध झाला. विमान स्वयंचलित यंत्रणेच्या हवाली होते. ते इंधन संपेपर्यंत उडत राहिले आणि बर्फाच्छादित शेतात आपोआप उतरले. दैव बलवत्तर म्हणून तो माणूस वाचला. आपण बेशुद्ध पडणार आहोत, हे त्याला आधी कळले नव्हते. या वायूचे खरे रूप ते हेच. ज्या बुद्धीने संकट ओळखावयाचे, त्या बुद्धीवरच तो प्रथम घाला घालतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८२ ते २०२० या काळातील नोंदी चाळल्या, तेव्हा या विषबाधेमुळे झालेले ३१ अपघात सापडले. त्यांपैकी २३ प्राणघातक होते आणि त्यांत ४२ माणसे दगावली. त्या ३१ विमानांपैकी केवळ एकात हा वायू ओळखण्याचे साधन होते, आणि तेही आवाज वा दिव्याने इशारा देणारे नव्हते. ३१ हा आकडा लहान वाटेल. परंतु सिडनीचे उदाहरण सांगते की, जेथे रक्त तपासले जात नाही तेथे कारणाच्या रकान्यात ‘वैमानिकाची चूक’ असे लिहून कागद बंद होतो. मोजले नाही म्हणून घडले नाही, असे मानणे हा तर्क नव्हे, सोय होय.

आमच्या हवेत हा प्रश्न कोठला?

येथे खानदेशातील एक स्वाभाविक आक्षेप पुढे येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा मुलखात विमानातील हीटर लावतो कोण? बर्फाच्या देशातील हे दुखणे आमच्या माथी का मारता? आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. पण त्याची उत्तरे दोन आहेत. एक सिडनीने दिलेच आहे: वायूला उबेच्या नळीची वाट लागतेच असे नाही, एखादे बुजविण्याचे राहिलेले छिद्र त्याला पुरते. दुसरे उत्तर धुळ्याच्या हिवाळ्याने द्यावे. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा किमान पारा ५ अंशांच्या आसपास उतरल्याच्या बातम्या आपण वाचतो. पहाटेच्या उड्डाणाला अशा वेळी ऊब हवीशी वाटणारच; आणि वर्षातील दहा महिने ज्या व्यवस्थेला कोणी हात लावला नाही, ती एकाएकी कामाला लागते. नित्य वापरातील वस्तूचा दोष लवकर कळतो. अडगळीतील वस्तू दगा देते तेव्हाच कळते.

परंतु या प्रदेशापुरता सर्वांत मोठा धोका याहूनही वेगळा आहे. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, थकवा, डोळ्यांपुढे अंधारी, कामात मन न लागणे ही कार्बन मोनॉक्साइडच्या बाधेची पहिली लक्षणे. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत ज्याला ऊन बाधले, त्याची लक्षणे याहून निराळी कोणती असतात? शिकाऊ मुलगा विमानातून उतरला आणि डोके धरून बसला, तर त्याला कैरीचे पन्हे दिले जाईल, सावलीत बसविले जाईल, पाणी कमी पितोस म्हणून प्रेमाने रागावले जाईल. तासाभराने त्याला बरे वाटेल आणि सर्वांची खात्री पटेल की ऊनच होते. विमानातील चिरेकडे कोणाची दृष्टी जाणार नाही. थंड देशात अशी डोकेदुखी निदान संशयास्पद ठरते. आमच्याकडे ऋतूच तिच्यावर पांघरूण घालतो. म्हणून ज्या कारणासाठी आपण या यंत्राची गरज नाही असे म्हणतो, नेमक्या त्याच कारणासाठी ते आपल्याला इतरांहून अधिक हवे. माणसाच्या शरीराची साक्ष जेथे दोन्ही बाजूंनी निघू शकते, तेथे यंत्राचीच साक्ष काढावी लागते.

त्यात विद्यार्थ्याच्या परिस्थितीचाही विचार केला पाहिजे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण पुरे करावे लागते आणि त्याचा खर्च मध्यमवर्गीय घराला कर्जाशिवाय झेपत नाही. प्रत्येक तास पैशांत मोजलेला. अशा मुलाने वा मुलीने ‘आज बरे वाटत नाही’ असे म्हणावे, तर तास बुडतो, क्रम मागे पडतो आणि शारीरिक क्षमतेवर प्रश्नचिन्ह लागेल की काय, ही धास्ती मनात असते. तो गप्प राहतो. या गप्प बसण्याला धैर्य म्हणण्याची आपली रीत आहे. ती सोडली पाहिजे. दर्शक यंत्रावर आकडा दिसत असेल, तर तक्रार विद्यार्थ्याची राहत नाही, ती यंत्राची होते, आणि यंत्राला कोणी भित्रे म्हणत नाही.

आता साधनाविषयी. वर्षानुवर्षे लहान विमानांत एक पुठ्ठ्याचे कार्ड चिकटविण्याची पद्धत आहे. त्यावरील रासायनिक ठिपका वायूच्या संपर्कात काळवंडतो. त्याचे आयुष्य काही महिन्यांचेच. उन्हाने व इतर रसायनांनी ते त्याहूनही आधी निकामी होते. आणि मुख्य म्हणजे ते बोलत नाही. ज्याचे भान हरपत चालले आहे, त्याने भानावर राहून ठिपक्याचा रंग न्याहाळावा, अशी अपेक्षा ते करते. सिडनीच्या विमानातही असाच ठिपका होता. खानदेशच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या विमानात त्याचा भरवसा किती धरावयाचा, हे वेगळे सांगावयास नको. काहींना वाटेल की करोनाच्या साथीत घरोघरी पोचलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला की झाले. तेही खोटे आश्वासन आहे. तो साधा ऑक्सिमीटर प्राणवायू आणि हा वायू यांतला भेद ओळखत नाही. रक्त विषाने भरलेले असतानाही तो निश्चिंत आकडा दाखवील. घरगुती वापराचे इशारायंत्रही पुरेसे नाही, कारण ते कमी प्रमाणावर दीर्घकाळ गप्प राहावे अशाच बेताने बनविलेले असते. हवा तो आकडा दाखविणारा, मोठ्याने ओरडणारा आणि दिवा लावणारा विद्युत्‌ शोधक. वीस हजार भागांत एक भाग ही विमानातील हवेसाठी मानलेली कमाल मर्यादा. तेथे पोचताच त्याने वैमानिकाला जागे केले पाहिजे. असे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. विमानाच्या एका तासाच्या खर्चापुढे ही रक्कम फार मोठी नव्हे.

जगाचा अनुभव सांगतो की, नुसत्या शिफारशीने हे घडत नाही. अमेरिकेच्या सुरक्षा मंडळाने २००४ मध्ये अशा शोधकांची सक्ती करण्याची शिफारस केली. ती अमलात न आल्याने २०२२ मध्ये तीच पुन्हा करण्याची पाळी आली. ब्रिटनने मात्र साला प्रकरणानंतर अभ्यास केला आणि १ जानेवारी २०२५ पासून पिस्टन इंजिनाच्या विमानातून, वैमानिक नसलेला प्रवासी न्यावयाचा असेल तर चालू स्थितीतील इशारायंत्र अनिवार्य केले. ब्रिटनच्या नियमाचा रोख प्रवाशांवर आहे. आपल्याकडे अशा विमानांत प्रामुख्याने बसतात ते शिकाऊ वैमानिक. म्हणून आपला दंडक त्यांच्यापासून सुरू व्हावयास हवा.

नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे या दृष्टीने तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली, प्रत्येक एक-इंजिनी पिस्टन प्रशिक्षण विमानात आवाज देणारा शोधक असावा, उड्डाणापूर्वीच्या तपासणीत तो तपासला जावा आणि त्यावरील सर्वाधिक आकडा वहीत नोंदविला जावा. दुसरी, धूर नेणाऱ्या नळकांड्याची परीक्षा वरवरच्या दृष्टिक्षेपाने नव्हे, तर वेष्टण काढून आणि दाबाने हवा भरून व्हावी. साबणाचे पाणी लावले की चीर बुडबुड्यांनी आपण होऊन बोलते. पंक्चर काढणारा सायकलची ट्यूब पाण्यात बुडवितो त्याच जातीची ही युक्ती आहे आणि तितकीच स्वस्त. हजार तासांहून अधिक काम केलेली अशी नळकांडी बदलून टाकावीत, असा सल्ला अमेरिकेच्या विमान प्रशासनाने पूर्वीच देऊन ठेवला आहे. तिसरी, लहान विमानाच्या प्रत्येक प्राणघातक अपघातात मृतांच्या रक्ताची या वायूसाठी तपासणी व्हावी. अपघात शहराच्या दाराशी होतोच असे नाही. तो वर्डीसारख्या ठिकाणी होतो आणि शवविच्छेदन तालुक्याच्या रुग्णालयात होते. तेथील डॉक्टरला नमुना घेण्याची सूचना आधीपासून माहीत असली, तरच पुढे तपास करणाऱ्याच्या हाती काही लागेल.

दिल्लीहून दंडक येईपर्यंत जळगाव आणि धुळे यांनी हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. यंत्र बसविण्यास कोणाची मनाई नाही. घंटा वाजली की ऊब बंद करावी, स्वच्छ हवेच्या सर्व वाटा उघडाव्यात, नियंत्रकाला कळवावे आणि मिळेल त्या जवळच्या धावपट्टीवर उतरावे. ‘अजून ठीक वाटते’ या आपल्याच मतावर विश्वास ठेवू नये. एवढा धडा पहिल्या दिवसाच्या शिकवणीत घालता येतो. पालकांनीही प्रवेशाच्या वेळी शुल्क, वसतिगृह आणि नोकरीची शक्यता यांची चौकशी करताना आणखी एक साधा प्रश्न विचारावा: ज्या विमानात आमचा मुलगा बसणार, त्यात घंटा आहे काय?

वर्डीच्या त्या माउलीने अनोळखी मुलीसाठी अंगावरचे वस्त्र दिले. ज्यांच्या हाती नियम, पैसा आणि यंत्रशाळा आहेत, त्यांच्याकडे त्या मानाने फारच थोडे मागितले जात आहे. पुढच्या उन्हाळ्यात गोंदूरला किंवा कुसुंब्याला एखादा विद्यार्थी डोके धरून विमानातून उतरला, तर त्याला पन्हे अवश्य द्यावे. परंतु उन्हाला दोष देण्यापूर्वी कोणीतरी विमानातील आकडा पाहून यावा.